तापीचा आडवा रस्ता

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. सर्वांत जवळचं खारं पाणी सुरतेच्या पलीकडे, तापी खंभातच्या आखाताला मिळते तिथलं. तरी आमच्या आबांच्या तोंडी बंदर कायम असायचं. खारीक चांगली निघाली की ‘बंदरना माल शे’, कापसाचा भाव पडला की बंदरावर काहीतरी बिनसलं असणार. आबा शहाद्याकडचे शेतकरी. तापीच्या उत्तर काठावर जन्मले, तिथंच गेले. त्यांनी समुद्र पाहिल्याचं घरात कुणाला आठवत नाही. पण त्यांच्या लेखी मुंबई लांब होती, पुणं त्याहून लांब, आणि सुरत मात्र घरातल्यासारखी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, तरी ते स्वतःला पश्चिम खानदेशातलेच म्हणवत राहिले.

ही नुसती म्हाताऱ्याची लहर नव्हती. मोगल काळात सुरत हे साम्राज्याचं मुख्य बंदर होतं. हजला जाणारी गलबतं तिथून सुटत. सुरतेहून बुऱ्हाणपूर आणि तिथून पुढे आग्रा हा रस्ता नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असा यायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघाला तो याच वाटेनं. त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये इथून गेला, आणि त्यानं या मुक्कामांची नावं वेडीवाकडी का होईना, पण लिहून ठेवली.

आबांची एक गोष्ट अशी: ‘नवापूरना तांदूय बादशाले जाये.’ कुठल्या बादशहाला, असं विचारलं तर ते हात नुसता पश्चिमेकडे करत. ताव्हर्नियेनं हीच गोष्ट जरा सविस्तर सांगितली आहे. नवापूरचा तांदूळ नेहमीच्या तांदळाच्या निम्म्या आकाराचा, शिजला की बर्फाहून पांढरा आणि कस्तुरीसारखा वास येणारा. इराणात कुणाला भेट द्यायची तर याच तांदळाचं पोतं न्यावं, असं तो लिहितो. म्हणजे नवापूरच्या एखाद्या कोकणी-मावची शेतकऱ्याचं भात बैलाच्या पाठीवरून सुरतेला आणि तिथून गलबतातून इराणात पोचत होतं. आज नवापूर म्हटलं की तूरडाळ आठवते, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तांदळाचा तो मान लोक विसरले. आबा विसरले नव्हते, आणि त्यांनी ताव्हर्निये वाचलेला नव्हता. तीनशे वर्षं ही बातमी कुणाकुणाच्या तोंडून फिरत त्यांच्यापर्यंत आली असेल, याचा विचार केला की मला तांदळापेक्षा त्या तोंडांचं नवल वाटतं.

सतराव्या शतकात इंग्रजांनी नंदुरबारला वखारही घातली होती. ती कुठं होती ते गावात बोटानं दाखवणारे लोक भेटतात, दोघांची बोटं मात्र एका दिशेला जात नाहीत.

इतका सगळा माल समुद्राकडे जायचा आणि तापीही समुद्राकडेच जायची, मग माल नदीतून का नाही गेला? लहानपणी मी हा प्रश्न आबांना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, उन्हाळ्यात प्रकाशाला नेऊन नदी दाखवली. मुलताईहून निघालेली, ७२४ किलोमीटरची ही नदी खानदेशात खोल उतरून वाहते. दोन्ही बाजूंना गाळाच्या मातीच्या उभ्या दरडी, खाली खडक आणि वाळू. पावसाळ्यात बुऱ्हाणपूरकडचं पाणी आलं की एका रात्रीत दरडी खाणारी, आणि वैशाखात खडकांतून पाय न भिजवता पार करता येणारी. अशा नदीत वरून खाली मालाची नाव चालवणं कुणाला परवडणार? माल गेला तो वणजाऱ्यांच्या तांड्यांवरून, पुढं गाड्यांतून, आणि १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे झाल्यावर डब्यांतून.

तापीवर नावा होत्या, पण त्यांचा रस्ता आडवा होता. एका काठावरून दुसऱ्या काठावर. जहाजांच्या इतिहासात या रस्त्याला कुणी जागा देत नाही, कारण त्यात लढाई नाही, दर्यावर्दी नाही, लांबचा प्रवास नाही. एका दरडीवरून खाली उतरायचं, नावेत बसायचं, समोरच्या दरडीवर चढायचं. एवढाच प्रवास, पण उत्तर काठच्या गावांचं सगळं आयुष्य त्यावर लटकलेलं. आगगाडी नदीच्या दक्षिणेला. शहाद्याच्या माणसाला गाडी धरायची तर प्रकाशावरून नंदुरबार किंवा सारंगखेड्यावरून दोंडाईचा. मध्ये पाणी. कापूस त्या वाटेनं, दवाखाना त्या वाटेनं, कोर्टाची तारीखही त्याच वाटेनं.

आजीच्या सगळ्या आठवणी या आडव्या रस्त्यावरच्या. तिचं माहेर दक्षिण काठचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात येते, तेव्हा नदी आटलेली असते. माहेरवाशिणी टोपल्या डोक्यावर घेऊन पात्रातून चालत जात. वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या असत आणि वाडीवाला जाणाऱ्या लेकीबाळींच्या हातावर एखादं फुटकं डांगर ठेवी. आजी म्हणायची, आखाजी उन्हात का ठेवली असेल तर आम्हाला नदी ओलांडता यावी म्हणून. पंचांगकर्त्यांना हे मान्य होणार नाही, खानदेशातल्या कुठल्याही म्हातारीला होईल.

कानबाईचं मात्र उलटं. कानबाई श्रावणात बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि तिच्या रोटांना सगळं भाऊबंद एकत्र हवं. नेमकी तेव्हा तापी दोन्ही थड्या भरून. आजीच्या सासरचे काही भाऊबंद पलीकडे राहायचे. ते आल्याशिवाय रोट खायचे नाहीत, आणि पूर उतरल्याशिवाय ते येणार नाहीत. अशा वेळी अख्ख्या कुळाचं लक्ष एका माणसाकडे लागायचं, ते म्हणजे नावाड्याकडे. तो दरडीवर बसून पाणी बघायचा. पाण्याचा रंग, वरून वाहत येणारी झाडं, फेस कुठल्या अंगाला जमतो ते. मग ‘नही’ म्हणायचा किंवा उठून कासोटा घट्ट करायचा. त्याला पाटलाचा हुकूम लागू नव्हता. एका साली त्यानं तीन दिवस ‘नही’ म्हटलं, रोट वाळले, आणि चौथ्या दिवशी नाव लागली तेव्हा आजीच्या सासऱ्यांनी त्याला शिव्या दिल्या आणि मग त्यालाच पहिल्या पंगतीला बसवलं. नावेचे पैसे गावकरी देत नसत. सुगी झाली की खळ्यावरून धान्य जायचं. परगावच्यांकडून मात्र रोख.

नाव बंद असली आणि अगदी जिवावरच बेतलं तर सांगड होती. वाळलेले मोठे भोपळे दोरीनं बांधायचे, त्यावर माणूस घालायचा आणि पोहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी ढकलत न्यायचं. आजीची जाऊ अडली तेव्हा सुईणीला अशी आणली होती. मूल वाचलं. त्या मुलाला, म्हणजे माझ्या काकांना, साठीनंतरही घरात सगळे भोपळ्या म्हणत.

प्रकाशा हे गाव मुळात या आडव्या रस्त्यावरचंच. गोमाई तिथं तापीला मिळते. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही देवळं, दक्षिण काशी हा लौकिक, अस्थी विसर्जनाला येणारी माणसं, सगळं आपण जाणतो. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा इसवीसनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातली, ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली. साडेतीन हजार वर्षं माणसं त्याच दरडीवर राहिली, कारण तिथं उतरायला जागा होती आणि दोन पाणी एकत्र होती. आजीला उत्खननाची आठवण होती. मजूर म्हणून गेलेल्या बाया खापराचे रंगीत तुकडे घरी आणून पोरांना खेळायला देत, असं ती सांगे. ते तुकडे आता कुठं असतील देव जाणे.

पूल झाले आणि नावा गेल्या. पुलाबद्दल मला तक्रार करायची नाही. भोपळ्याकाकांच्या आईला विचारलं असतं तर तिनं पुलाला रोज नमस्कार केला असता. मग सारंगखेडा आणि प्रकाशा इथं बॅरेज झाले, पाणी अडलं, आणि वाळूतल्या पुष्कळशा वाड्या त्याखाली गेल्या. त्याच्या किती तरी आधी, १९७२ मध्ये, खाली गुजरातेत उकाईचं धरण पुरं झालं होतं आणि त्याचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या हद्दीपर्यंत येऊन बसला होता. त्या बाजूचे म्हातारे पाण्याकडे हात करून सांगतात, ‘तठे गाव व्हतं.’ एवढंच. पुढं काही बोलत नाहीत, आणि बहुतेक कुणी विचारतही नाही.

जिल्ह्याची दुसरी नदी उत्तरेला, सातपुड्याच्या पलीकडे. नर्मदेच्या १,३१२ किलोमीटरपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली कड जेमतेम ५४ किलोमीटरची, आणि ती सगळी आमच्या अक्कलकुवा-धडगावात. आमच्याकडच्या लोकांना ती नदी माहीत होती ती परिक्रमेमुळे. आजीच्या बहिणीनं परिक्रमा केली होती. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी तिला लुटलं, अंगावरच्या लुगड्याशिवाय काही ठेवलं नाही, हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची, जणू लुटलं नसतं तर परिक्रमा अर्धवट राहिली असती. लुटणाऱ्यांतल्याच एका बाईनं संध्याकाळी तिला मक्याची भाकर आणून दिली, हा भाग ती हळू आवाजात सांगे. लुटणाऱ्यांची बाजू त्या काळी कुणी विचारली नाही. नर्मदेवर सरदार सरोवराचं धरण होऊन झाडीतली काठाकाठची वाट बुडाली आणि आता दक्षिण काठाचे पुष्कळ परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे डांबरी रस्त्यानं जातात. नर्मदेला प्रदक्षिणा घालणारे लोक तापीच्या काठी मुक्काम करतात!

सरदार सरोवराची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ ची. नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाचा निवाडा १९७९ चा. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडीत ठरली, पहिलं मणिबेली. मणिबेलीच्या काठावर शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ होतं. ते १९९० च्या दशकात पाण्याखाली गेलं. जागतिक बँकेनं या धरणातून १९९३ मध्ये अंग काढलं आणि पुढच्याच वर्षी मोठ्या धरणांविरुद्धच्या जगभरच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला त्याला नाव दिलं मणिबेलीचं. १९९९ च्या पावसाळ्यात धरणाच्या विरोधात डोमखेडीत माणसं घरात शिरलेल्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. हे सगळं वर्तमानपत्रांत आलेलं आहे.

वर्तमानपत्रांत कमी आलं ते असं की पाणी चढलं तेव्हा डोंगरांची टोकं सुटी झाली, पायवाटा बुडाल्या आणि शिल्लक पाड्यांना होडीशिवाय वाट राहिली नाही. महाराष्ट्रात नदीचा खराखुरा जलमार्ग, ज्यावर रेशन, शिक्षक, बाळंतीण आणि मतपेटी सगळं चालतं, असा जर कुठं असेल तर तो इथं आहे, आणि तो कुणी मागितला नव्हता. राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा, त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेली. २०२० मध्ये टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमाराची छोटी होडी घेतली आणि अलीघाट-दादर या पाड्यांवरच्या गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना पोषण आहार पोचवायला त्या आठवड्यातले पाच दिवस जाऊन-येऊन अठरा किलोमीटर वल्हवत राहिल्या. देशभर त्यांची छायाचित्रं आली, ते योग्यच झालं. पण आजीच्या नावाड्याची आठवण असलेल्या माणसाला त्यात एक गोष्ट खटकते. तो नावाडी गावाच्या व्यवस्थेचा भाग होता, खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला होता. रेलूताईंना होडी मागून आणावी लागली.

बुडालेल्या गावांतले बरेच लोक तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यात आले. तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी केली गेली. सोमावल, रोझवा अशा वसाहती उभ्या राहिल्या. म्हणजे नर्मदेची माणसं तापीच्या खोऱ्यात आली, सपाटीवर, कूपनलिकेच्या पाण्यावर. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांशी माझ्या पुष्कळ गप्पा झाल्या. त्यांची भाषा पावरी, माझी अहिराणी, मधली मराठी नातवाची. ते सांगत, पूर्वीच्या नदीत कुठल्या खडकामागं महाशीर उभा राहतो ते अंधारातही कळायचं, पाण्याच्या आवाजावरून. महाशीर वाहत्या पाण्याचा, खडकाळ तळाचा मासा. पाणी थांबलं की त्याचा संसार मोडतो. आता जलाशयात दुसरे मासे आहेत, मोठेही मिळतात, पण जाळं कुठं टाकायचं ते आवाज सांगत नाही, कारण आवाजच नाही. बाबांना आपल्या गावाजवळचा प्रत्येक डोह, खडक आणि ओढ्याचं तोंड नावानिशी पाठ होतं. नातवाला त्यातलं एकही माहीत नव्हतं. नातू संगणकाचा अभ्यासक्रम करत होता आणि त्याला या यादीत रस नव्हता, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

ही यादी कुठल्या संग्रहालयात ठेवणार? जलवारशाची संग्रहालयं म्हटली की आपल्याला जहाजांच्या प्रतिकृती, नांगर, तोफा आठवतात. लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतं आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाची संस्था स्थापन केली, तिनं मोठं काम केलं. सुरतेत तापीकाठी सोळाव्या शतकातला किल्ला उभा आहे, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड द्यायला बांधलेला. इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या भव्य कबरी आहेत. नदीच्या त्या टोकाला दगड उरले. या टोकाला लाकूड, दोर, भोपळे आणि वाळू होती. यातलं काय उरणार? नावाड्याची वल्ही चुलीत गेली असतील, हेच खरं.

म्हणून आमच्याकडचं संग्रहालय आवाजांचंच असायला हवं असं माझं मत आहे, आणि त्याची सुरुवात झालेलीही आहे. नर्मदा बचाव आंदोलनात बराच काळ पूर्णवेळ काम केलेल्या नंदिनी ओझा यांनी खोऱ्यातल्या लोकांच्या मुलाखती वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केल्या. त्यातून केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे या दोन आदिवासी नेत्यांचं कथन ‘लढा नर्मदेचा’ या नावानं २०१७ मध्ये राजहंस प्रकाशनानं मराठीत आणलं. पुढं मूळ आवाजही इंटरनेटवर ऐकायला खुले झाले. इतिहास कागदावरूनच सिद्ध होतो अशी सवय लागलेल्यांनी हे जरूर ऐकावं. नर्मदेपलीकडे तेजगढला गणेश देवी यांच्या आदिवासी अकादमीत ‘वाचा’ नावाचं संग्रहालय आहे, तेही बोलणाऱ्या माणसांना मध्यभागी ठेवतं. तापीच्या काठासाठी मात्र असं काही झालेलं माझ्या पाहण्यात नाही. तापीवर आंदोलन झालं नाही म्हणून तिच्या आठवणी गोळा करायला कुणी आलं नाही, असं दिसतं. आडवा रस्ता इथंही मागं पडला.

नंदुरबारला किंवा प्रकाशाला एक दोन खोल्यांची जागा मिळाली तरी पुरे. एका भिंतीवर तापीचा आणि नर्मदेचा नकाशा, त्यावर जुने घाट, उतार, बुडालेली गावं. नावावर बोट ठेवलं की त्या गावच्या माणसाचा आवाज, त्याच्या भाषेत. पुतळा नको, कारंजं तर नकोच. जिल्हा परिषदेला हे जमणार नाही असं नाही. पण ते होईपर्यंत नव्वदीची माणसं थांबणार नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरात तापीची नाव वापरलेलं, वाळूत वाडी केलेलं किंवा बुडीत गावातून उठून आलेलं कुणी आहे, त्यांनी या आखाजीला त्यांच्यासमोर फोन ठेवून बसावं. घाटाचं नाव विचारा, नावाड्याचं विचारा, नावेत किती माणसं बसत आणि पैसे कसे देत ते विचारा. अहिराणी, पावरी, मावची, ज्यात ते बोलतील त्यात बोलू द्या. मराठी करायला नंतर वेळ आहे. आणि सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख मोठ्यानं सांगायला विसरू नका.